उष्णतामापक कोठें बसला आहे?

आजचा विषय रसायनशाळेंतला आहे. पण त्याचा आरंभ मी स्वयंपाकघरापासून करणार आहें.

गिरगांवांतल्या किंवा दादरच्या एखाद्या घरीं मध्यरात्रीं तान्हें मूल उठतें. आई दुधाची बाटली काढते, मायक्रोवेव्ह ओव्हनमध्यें अर्धा मिनिट ठेवते आणि बाहेर घेऊन तळहातानें चांचपून पाहते. बाटली कोमट लागते. इतक्यांत आजी म्हणते, "अग, बाटली काय चांचपतेस? दूध हलव, आणि थेंब मनगटावर घेऊन पाहा." सूनबाई थेंब घेतात आणि दचकतात. बाटली कोमट, पण आंतलें दूध जीभ पोळेल असें कढत!

आजीबाईंनीं त्या रात्रीं जें सुचविलें, तेंच रसायनशास्त्रज्ञांना एकमेकांस सांगावयास बरींच वर्षें लागलीं. सूक्ष्मलहरींनीं तापविलेल्या पात्रांत रासायनिक क्रिया चालूं असतां तिचें उष्णतामान अचूक मोजावयाचें कसें, हा तो प्रश्न. वरवर पाहतां तो क्षुल्लक वाटतो. उष्णतामापक बुडवावा आणि आंकडा वाचावा, यांत काय मोठेंसें? परंतु या एका आंकड्यावर अनेक वर्षांचें संशोधन उभें राहिलें आणि त्यांतील कांहीं ढांसळलेंही. तें कसें, हें आज थोडक्यांत पाहूं.

प्रथम तापविण्याच्या दोन रीतींतील भेद ध्यानांत घेतला पाहिजे. परळ-लालबागच्या कापडगिरण्यांत एके काळीं मोठमोठीं रंगखातीं असत. तेथें रंगाचें पाणी वाफेनें तापवीत. आपल्या घरच्या चुलीवर पातेलें तापतें तोच हा प्रकार. उष्णता बाहेरून येते, आधीं भांड्याची भिंत तापते, मग भिंतीलगतचें पाणी, आणि शेवटीं मधलें. या व्यवस्थेंत भांडें नेहमीं आंतल्या पदार्थाहून अधिक तापलेलें असतें. म्हणून बाहेरून हात लावून जो भितो, तो फसत नाहीं. फार तर अधिक सावध होतो.

सूक्ष्मलहरींचा मार्ग निराळा आहे. १९४० मध्यें इंग्लंडांत बर्मिंगहॅम येथें रँडल आणि बूट यांनीं रडारसाठीं मॅग्नेट्रॉन नांवाची एक प्रभावी नळी तयार केली. १९४५ मध्यें अमेरिकेंतील पर्सी स्पेन्सर यांनीं तिच्या लहरींचा उपयोग अन्न शिजविण्याकडे वळविला. आपल्या घरांतील ओव्हनच्या लहरी दर सेकंदास सुमारें २४५ कोटी वेळां हेलकावतात आणि त्यांची लांबी साधारण १२ सेंटिमीटर असते. पाण्याच्या रेणूचें एक टोंक धनविद्युद्भारित आणि दुसरें ऋणविद्युद्भारित असतें. लहरीचें विद्युत्क्षेत्र दिशा बदलूं लागलें कीं रेणूही तिच्यामागें वळूं पाहतात. पण शेजाऱ्यांच्या गर्दींत त्यांना वेळेवर वळतां येत नाहीं, ते मागें राहतात आणि त्या ओढाताणींत लहरींची शक्ति उष्णतेच्या रूपानें द्रवांत उतरते. कांच मात्र या लहरींना बहुतांशीं वाट मोकळी करून देते. द्रव आपल्या ठायींच तापतो, आणि कांचेला जी ऊब येते ती द्रवाकडून येते. उष्णतेचा प्रवास येथें आंतून बाहेर आहे. आईचा तळहात पिढ्यानपिढ्यांच्या अनुभवानें बाहेरची ऊब पाहून आंतली ओळखावयास शिकला. त्याचें शिक्षण या पेटीपुढें अपुरें पडतें तें यामुळें.

आतां रसायनशाळेंत जाऊं. १९८६ मध्यें कॅनडांतील आणि अमेरिकेंतील दोन निरनिराळ्या संशोधकगटांनीं साध्या घरगुती ओव्हनमध्यें बंद पात्रें ठेवून सेंद्रिय रसायनांच्या क्रिया घडविल्या. ज्या कामास तास लागत तें मिनिटांत झालें. ही वार्ता प्रसिद्ध होतांच जगभर उत्साहाची लाट उसळली. पुढील काळांत खास प्रयोगशाळेसाठीं बनविलेलीं यंत्रें निघालीं आणि शेंकडों निबंध प्रसिद्ध झाले.

या वेगाचें कारण काय? त्याचीं दोन उत्तरें पुढें आलीं. पहिलें साधें होतें. बंद पात्रांत द्रव आपल्या नेहमींच्या उत्कलनबिंदूहून पुष्कळ वर, आणि तोही झपाट्यानें तापतो. उष्णता वाढली कीं क्रिया जलद होते. यापलीकडे कांहीं गूढ नाहीं. दुसरें उत्तर अधिक मोहक होतें. कित्येकांचें म्हणणें असें पडलें कीं, उष्णतामान तेंच राखलें तरीही सूक्ष्मलहरींखालीं क्रिया जलद होते. तेव्हां या लहरींच्या अंगीं उष्णतेहून वेगळी अशी एखादी किमया असली पाहिजे.

या दुसऱ्या मतावर एक जुनाच आक्षेप होता. एक मोल पदार्थाच्या रेणूंना या लहरींचा प्रत्येकीं एकेक शक्तिकण दिला, तर सर्व मिळून भरते ती शक्ति सुमारें १ ज्यूल. कार्बनच्या दोन अणूंमधील साधा बंध तेवढ्याच रेणूंत तोडावयाचा, तर सुमारें ३,५०,००० ज्यूल लागतात. म्हणजे या लहरी बंध थेट तोडतील, ही गोष्ट संभवत नाहीं. तथापि कदाचित् त्या रेणूंस विशिष्ट दिशेनें वळवीत असतील, अशी कल्पना मांडणारेही होते. आणि कल्पनेचा निकाल युक्तिवादानें लागत नाहीं, प्रयोगानें लागतो.

ही चर्चा आपल्या शहरापासून दूर चालली होती, असें कोणी समजूं नये. दादरपासून हांकेच्या अंतरावर माटुंग्यास एक संस्था आहे. १९३३ मध्यें मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग म्हणून ती जन्मास आली. गिरण्यांच्या या नगरींत वस्त्ररसायन हा तिच्या आरंभींच्या विषयांपैकीं एक असावा, हें साहजिकच होतें. १९४३ मध्यें ती माटुंग्याच्या जागेंत आली. पुढें 'यू.डी.सी.टी.' या नांवानें ती दोन पिढ्यांच्या तोंडीं बसली आणि २००८ मध्यें रसायन तंत्रज्ञान संस्था म्हणून अभिमत विद्यापीठ झाली. तेथील प्राध्यापक ग. दा. यादव आपल्या नांवाचीं आद्याक्षरें इंग्रजी रीतीनें जी. डी. अशीं लिहितात. त्यांनीं आणि त्यांचे सहकारी पीयूष लाठी यांनीं २००४ मध्यें सूक्ष्मलहरी आणि एन्झाइम यांच्या सहकार्यावर एक निबंध प्रसिद्ध केला. एन्झाइम म्हणजे जिवंत सृष्टींतील उत्प्रेरक. साध्या रीतीनें तापविलेली क्रिया आणि सूक्ष्मलहरींनीं तापविलेली क्रिया यांची तुलना त्यांत आहे, आणि लहरींच्या साथीनें क्रियेस वेग येतो असा त्याचा निष्कर्ष आहे. एन्झाइम हा नाजूक जीव. फार तापला कीं निकामी होतो. तेव्हां अशा अभ्यासांत उष्णतामानाचा आंकडा किती मोलाचा, हें सांगणें नको.

कोणत्याही देशांत केलेल्या अशा प्रत्येक तुलनेचा प्राण चार अक्षरांत आहे: 'तेंच उष्णतामान'. हीं अक्षरें खरीं असतील तर निष्कर्ष उभा राहतो. नसतील तर त्याचा पाया खचतो. किती खचतो, याचा एक हिशेब करून पाहूं. क्रिया सुरू होण्यास मोलामागें १०० किलोज्यूल शक्तीचा उंबरठा ओलांडावा लागतो असें धरा. अशा क्रिया पुष्कळ आहेत. ती १०० अंश सेल्सिअसला जितक्या वेगानें चालते, त्याच्या पांचपटीहून थोड्या अधिक वेगानें ती १२० अंशांना चालते. समजा, आपलें यंत्र आंत १२० अंश असतांना १०० हाच आंकडा दाखवीत आहे. आपण प्रामाणिकपणें वहींत १०० लिहितों. शेजारच्या तेलाच्या कढईंत खऱ्या १०० अंशांवर तीच क्रिया करतों. पांचपट फरक डोळ्यांपुढें दिसतो, आणि आपण म्हणतों, "पाहा, लहरींची किमया!" येथें कोणीही खोटें बोललेलें नाहीं. केवळ वीस अंशांची चूक एका नव्या नैसर्गिक शक्तीचें रूप घेऊन आपल्यापुढें उभी राहते.

मग अचूक मोजावयास काय अडचण? एकेक साधन हातीं घेऊन पाहूं.

आपल्या परिचयाचा पाऱ्याचा उष्णतामापक येथें बाद होतो. पारा धातु आहे, आणि लहरींच्या क्षेत्रांत धातूंत विद्युत्प्रवाह उत्पन्न होतात. पाऱ्याच्या ठिकाणीं रंगीत मद्यार्क भरलेला मापक घ्यावा, तर मद्यार्काचे रेणू पाण्याप्रमाणेंच लहरी शोषून स्वतःच तापतात. तो मापक आपलाच ताप आपल्याला सांगत बसतो!

कारखान्यांतून सर्रास वापरतात तें साधन थर्मोकपल. दोन निरनिराळ्या धातूंच्या तारा टोंकाशीं जोडल्या कीं त्या सांध्याच्या उष्णतामानाप्रमाणें किंचित् विद्युद्दाब उत्पन्न होतो. साधन स्वस्त, दणकट आणि विश्वासू. पण श्रोतेहो, आपल्या रेडिओच्या एरियलची तार जें काम करते, तेंच काम ही तार लहरींच्या पेटींत करूं लागते. ती लहरी पकडते, तापते, कधीं तिच्या टोंकापाशीं ठिणगी पडते, आणि आजूबाजूचें क्षेत्रही ती बिघडविते. धातूचें आवरण घालून तें जमिनीशीं जोडलें, तर कांहीं यंत्रांत ती काळजीपूर्वक वापरतां येते. पण तिला बेधडक बुडविणें धोक्याचें.

तिसरें साधन म्हणजे दुरून अवरक्त किरण टिपणारा मापक. २०२० सालच्या करोनाच्या सांथींत आपल्या प्रत्येक इमारतीच्या दाराशीं पहारेकरी कपाळावर जें पिस्तूल रोखीत, त्याचाच हा भाऊ. त्याला स्पर्शाची गरज नाहीं, लहरींची बाधा नाहीं, आणि किंमतही बेताची. म्हणून पुष्कळ यंत्रांत तो मुळांतच बसविलेला असतो. परंतु त्या पिस्तुलास कपाळाची कातडी दिसे, शरीराचा अंतर्भाग दिसत नसे. तसेंच या मापकास पात्राची बाहेरील कांच दिसते, आंतला द्रव दिसत नाहीं. द्रव आधीं तापतो आणि जाड कांच त्याच्या मागून रेंगाळत तापते. जितकें तापविणें झपाट्याचें, तितका हा मागासलेपणा अधिक. उलट, द्रव लहरी शोषीत नसेल आणि कांच थोड्या शोषीत असेल, तर भिंतच अधिक गरम असूं शकते आणि चूक दुसऱ्या बाजूस जाते. म्हणून या मापकाच्या आंकड्यांत ठराविक अंश मिळवून चूक सुधारतां येईल, असेंही नाहीं.

याच साधनानें एका काळीं मोठा भ्रम उत्पन्न केला. लहरींचा मारा जितका अधिक तितकी त्यांची किमया अधिक, या समजुतीनें कांहीं प्रयोगांत पात्रावर बाहेरून दाबाची थंड हवा सोडीत. हेतु असा कीं, उष्णता हवेबरोबर निघून जावी आणि लहरी मात्र भरपूर देतां याव्यात. मापक पाहत होता कांचेकडे. कांच थंड हवेनें निवालेली. म्हणून आंकडा खालीं राही आणि यंत्र आणखी शक्ति ओतीत राही. आंत प्रत्यक्ष बुडवून मोजलें, तेव्हां द्रव कित्येक दशक अंशांनीं अधिक तापलेला आढळला. आपल्या सूनबाईंची बाटली ती हीच. फक्त तिच्यावर पंखा धरलेला!

चवथें साधन या कामासाठीं आज सर्वांत विश्वसनीय मानतात. तें म्हणजे कांचेच्या बारीक तंतूचा मापक. तंतूंत धातु नसतो, म्हणून लहरींना तो जणूं दिसतच नाहीं. एका प्रकारांत त्याच्या टोंकाशीं गॅलियम आर्सेनाइडचा सूक्ष्म स्फटिक बसविलेला असतो. तंतूंतून प्रकाश पाठविला कीं ठराविक लांबीच्या अलीकडील लहरी हा स्फटिक गिळतो आणि पलीकडील सोडून देतो; उष्णतामान वाढलें कीं ही सीमारेषा सरकते. ती कोठें आहे हें पाहून आंकडा काढतात. दुसऱ्या प्रकारांत टोंकाशीं चमकणारा पदार्थ असतो; प्रकाश बंद केल्यावर त्याची चमक किती वेगानें विझते, यावरून उष्णतामान कळतें. मात्र हा तंतु महाग व ठिसूळ असतो, साधारणतः २५० ते ३०० अंशांपलीकडे तो चालत नाहीं, आणि त्यावर जाड संरक्षक नळी चढविली कीं तोही थोडा उशिरा बोलूं लागतो.

या तंतूंच्या साह्यानें ऑस्ट्रियांतील ग्राझ विद्यापीठांत प्राध्यापक ऑलिव्हर काप्पे आणि त्यांचे सहकारी यांनीं जुन्या दाव्यांची फेरतपासणी केली. २००८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. आंत तंतु बुडवून मोजलें आणि द्रव नीट ढवळला, तर तपासलेल्या क्रियांतली किमया नाहींशी होते. आणि ढवळलें नाहीं, तर एकाच लहानशा पात्रांत तळाशीं एक, मध्यें दुसरें व वर तिसरें उष्णतामान असूं शकतें. पुढच्याच वर्षीं त्यांनीं एक सुरेख युक्ति योजिली. त्यांनीं सिलिकॉन कार्बाइडचीं पात्रें करविलीं. हा पदार्थ स्वतःच लहरी शोषून तापतो आणि आंतील द्रवापर्यंत त्या जवळजवळ पोंचूं देत नाहीं. यंत्र तेंच, उष्णतामान तेंच, ढवळणें तेंच. फरक इतकाच कीं एका पात्रांत रेणूंना लहरी भेटतात आणि दुसऱ्यांत भेटत नाहींत. किमया खरी असती तर दोहोंत फरक पडता. बहुतेक सर्व क्रियांत फळ सारखेंच आलें.

तर मग लहरींचें सारें वैशिष्ट्य फोलच ठरलें कां? असें म्हणणें अन्यायाचें होईल. त्या झपाट्यानें तापवितात, हा गुण खराच आहे. शिवाय द्रवांत घन उत्प्रेरकाचे कण असले, तर ते कण द्रवाहून अधिक लहरी शोषून स्वतः अधिक तापूं शकतात. आणि क्रिया तर त्या कणांच्या पृष्ठावरच चालते. तेथील उष्णतामान बुडविलेला तंतुही सांगूं शकत नाहीं, कारण तो द्रवाची सरासरी सांगतो. अशा ठिकाणीं कांहीं संशोधक उलटी वाट धरतात. जिचा वेग आधींच नीट माहीत आहे अशी एखादी क्रिया पात्रांत घडवून, तिच्या वेगावरूनच आंतील उष्णतामान ताडतात. क्रियाच तेथें उष्णतामापक होते.

हा सारा खटाटोप केवळ विद्वानांच्या वादासाठीं आहे, असेंही समजूं नये. कित्येक क्रिया घडतां घडतां स्वतःच उष्णता सोडतात. मापक बाहेरच्या कांचेवर बसलेला असला, तर आंत उष्णता भडकली तरी तो क्षणभर गप्प राहतो, आणि तेवढ्या अवधींत यंत्र आंत अधिकच शक्ति ओततें. बंद पात्रांत दाब चढतो. अशा वेळीं मापकाचा उशीर हा वहींतला दोष राहत नाहीं. पात्र फुटलें तर तो समोर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांवर बेततो.

दुसरें असें, जें लहान कुपींत साधलें तें कारखान्यांत नेतांना हा प्रश्न दुणावतो. खोलीच्या उष्णतामानास पाण्यांत या लहरी दोन सेंटिमीटर जाईपर्यंतच त्यांची बरीचशी शक्ति शोषली जाते. पिंपभर द्रव घेतला तर कडेचा थर तापतो आणि मध्यभागास केवळ ऐकीव उष्णता मिळते. म्हणून मोठ्या प्रमाणावर काम करणारे द्रव बारीक नळींतून वाहता ठेवतात, आणि नळीच्या एकाच जागीं नव्हे तर अनेक जागीं मोजतात. ज्या कारखानदारानें कुपींतला चुकीचा आंकडा खरा मानून यंत्र उभारलें, त्याला नळींत तें फळ मिळत नाहीं, आणि दोष कोठें आहे हेंही कळत नाहीं.

या बाबतींत मुंबईची स्थिति भाग्याची आहे. रसायनाची विद्या माटुंग्यास आहे. आणि कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत सूक्ष्मलहरींचें जें काम वाढलें, त्यांतून १९८४ मध्यें 'समीर' ही स्वतंत्र संशोधनसंस्था निघाली व ती पवईस आहे. लहरी जाणणारे आणि क्रिया जाणणारे एकाच शहरांत असतां मापनाची शिस्त येथें दृढ होणें अशक्य नाहीं. त्यासाठीं प्रत्येक निबंधानें वाचकास तीन गोष्टी न विचारतां सांगाव्यात. उष्णतामान कशानें मोजलें? तो मापक नेमका कोठें बसला होता, बाहेर कीं आंत? आणि मोजतांना द्रव ढवळला जात होता कां? या तीन उत्तरांवांचून १०० हा आंकडा म्हणजे पत्त्याविना आलेलें पत्र होय.

श्रोतेहो, उष्णतामापक कधीं लबाडी करीत नाहीं. तो ज्या जागीं बसला असेल त्या जागेचें वर्तमान तो इमानानें देतो. त्या एका जागेवरून साऱ्या पात्राविषयीं निर्णय देण्याची घाई आपण करतों, आणि आपल्या घाईचा दोष त्याच्यावर किंवा निसर्गाच्या एखाद्या अज्ञात शक्तीवर लादतों.

आतां पुन्हां त्या स्वयंपाकघरांत जाऊं. आजीबाईंनीं दूध हलवावयास सांगितलें, म्हणजे ढवळलें. थेंब आंतून घ्यावयास सांगितला, म्हणजे मापक योग्य जागीं नेला. ग्राझच्या प्रयोगशाळेनें २००८ मध्यें जो नियम लेखी मांडला, त्याचें सार एवढेंच आहे. तेव्हां आपल्या घरीं रात्रीं बाटली तापवावयाची वेळ आली, तर ती शक्यतों गरम पाण्यांत ठेवूनच तापवावी. ओव्हन वापरणें भागच पडलें, तर झांकण काढून तापवावें, दूध चांगलें हलवावें, क्षणभर थांबावें आणि मग थेंब मनगटावर घ्यावा. बाटलीच्या स्पर्शावर मात्र भरंवसा ठेवूं नये.